मिली नको, ग्रॅम वाचा: हलकं आइस्क्रीम कसं निवडायचं

1999 ते 2021 अशी बावीस वर्षं आम्ही सातारला राजवाड्याच्या बाजूला आइस्क्रीमचं दुकान चालवलं. मागच्या खोलीत बॅच फ्रीझर, म्हणजे आइस्क्रीम घुसळून गोठवायचं मशीन, पुढे काउंटर आणि काउंटरवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकलं, डीप फ्रीझर भाच्याला दिला, काटा तेवढा मी घरी आणला. हलकं, म्हणजे कमी कॅलरींचं, आइस्क्रीम निवडायचं कसं, हे मला त्या काट्यानेच शिकवलं.

दुकान बंद झाल्यावर वर्षभरात ह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.9 टक्के आली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सहा किलो वजन उतरवा म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी ह्यांनी आइस्क्रीम बंद केल्याचं जाहीर केलं. बावीस वर्षं रोज सकाळी पहिल्या बॅचची चव घेतलेला माणूस. दहा दिवस निभावलं. अकराव्या रात्री नातीसाठी आणलेला अर्धा लिटरचा पॅक त्यांनी एका बैठकीत संपवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला ते पाहवेना. मी डॉक्टरांना विचारलं, आठवड्यातून किती आणि कितपत चालेल. त्यांनी आकडा सांगितला: आठवड्यातून दोनदा, एका वेळी साधारण शंभर कॅलरींपर्यंत, तेही जेवणातला भात किंवा एक पोळी कमी करून. हा आकडा ह्यांच्यापुरता. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा आकडा घ्या. शंभर कॅलरींत मनासारखं काय बसतं, हे शोधायचं काम मात्र माझ्याकडे आलं. खाली लिहिलंय ते त्या शोधातलं आणि दुकानातल्या अनुभवातलं.

आधी वजन

आइस्क्रीम मापाने विकलं जातं, मिलीलिटरमध्ये. कॅलरी मात्र बहुतेक पॅकवर शंभर ग्रॅममागे छापलेल्या असतात. या दोन मापांच्या मध्ये हवा असते.

दुधाचं मिक्स फ्रीझरमध्ये घुसळताना त्यात हवा शिरते. ती शिरलीच पाहिजे, नाहीतर गोड दुधाचा दगड तयार होईल. किती हवा भरली, याला आमच्या धंद्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिक्सचं दोन लिटर आइस्क्रीम झालं तर ओव्हररन शंभर टक्के. आमच्या छोट्या बॅच फ्रीझरमध्ये तीस-चाळीस टक्क्यांच्या वर हवा जात नसे, त्यामुळे आमचा कप हातात जड लागायचा. मोठ्या कारखान्यातल्या मशीनला शंभर टक्के सहज जमतं. कायद्याने यावर लगाम घातलेला आहे: एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान 525 ग्रॅम भरलं पाहिजे. मध्यम आणि कमी फॅटच्या प्रकारांना ही मर्यादा 475 ग्रॅम आहे.

मी घरी दोन निरनिराळे अर्धा लिटरचे पॅक काट्यावर ठेवले. एक 275 ग्रॅम भरला, दुसरा 410. शंभर ग्रॅममागच्या कॅलरी दोन्हींवर जवळपास सारख्या होत्या, दोनशेच्या आसपास. म्हणजे पहिल्यातून शंभर मिली वाढून घेतलं तर पंचावन्न ग्रॅम आणि एकशे दहा कॅलरी. दुसऱ्यातून तेवढीच वाटी भरली तर ब्याऐंशी ग्रॅम आणि एकशे चौसष्ट. वाटी तीच, चमचा तोच, आणि फरक दीडपटीचा.

हवा जास्त असलेलं आइस्क्रीम म्हणजे फसवणूक, असं लोक म्हणतात. पैशांच्या हिशोबाने त्यांचं म्हणणं मला पटतं. पण ज्याला कमी खायचं आहे त्याच्या दृष्टीने हवा कामाची आहे. जिभेला वाटीभर खाल्ल्यासारखं वाटतं आणि पोटात कमी जातं. अट एकच, हलकं लागलं म्हणून दुसरी वाटी घ्यायची नाही. उलट बाजूने, कुल्फी. तिच्यात हवा जवळजवळ नसते, वर दूध आटवलेलं. साठ मिलीची कुल्फी साठ ग्रॅमच्या वरच भरते, म्हणून ती आकाराने लहान दिसली तरी लहान समजू नका.

म्हणून दुकानात पॅक हातात घेतलात की पहिल्यांदा निव्वळ वजन शोधा. काही पॅकवर मिली आणि ग्रॅम दोन्ही असतात. नुसतेच मिली असतील तर एका सर्व्हिंगच्या कॅलरींचा रकाना बघा आणि ते सर्व्हिंग किती मिलीचं धरलंय तेही बघा. ते बऱ्याचदा तुम्ही वाढून घ्याल त्यापेक्षा बरंच लहान असतं. मी एकदा घरातल्या नेहमीच्या आमटीच्या वाटीत आइस्क्रीम भरून मोजलं. पॅकवरच्या सर्व्हिंगची दोन माणसं त्या एका वाटीत बसली.

झाकणावरची नावं

फ्रोझन डेझर्ट हे शब्द वाचून ते आइस्क्रीमपेक्षा हलकं असणार, असं समजणारे लोक मी काउंटरवर रोज पाहिले. हा गैरसमज मनातून पूर्ण काढून टाका. आपल्याकडे आइस्क्रीम म्हणजे ज्यातली स्निग्धता दुधाची आहे ते. दुधाच्या फॅटऐवजी किंवा त्याच्या जोडीला वनस्पती तेल वापरलं की त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं, आणि वनस्पती तेल असल्याचं पॅकवर लिहावंही लागतं. दोन्हींत फॅटचं प्रमाण सारखं असू शकतं. एक ग्रॅम तूप असो की एक ग्रॅम पामतेल, फॅटच्या दर ग्रॅमला नऊ कॅलरी. नाव बदललं म्हणून कंबर बारीक होत नाही.

आइस्क्रीमच्या नुसत्या नावाने विकायचं तर दुधाचं फॅट निदान 10 टक्के हवं. अडीच ते दहाच्या मधलं असेल तर मीडियम फॅट, अडीच किंवा त्याहून कमी असेल तर लो फॅट. फ्रोझन डेझर्टलाही याच पायऱ्या लागू आहेत. तेव्हा हलकं हवं असेल तर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि लहान अक्षरातलं लो फॅट किंवा मीडियम फॅट शोधा.

पण लो फॅटने किती फरक पडतो? हा हिशोब मी दुकानात वहीवर करायची, तुम्हीही करून बघा. आइस्क्रीममधलं पाणी वगळलं की जे उरतं ते घन पदार्थ. साध्या व्हॅनिलात शंभर ग्रॅममागे ते साधारण छत्तीस ग्रॅम. त्यातलं फॅट दहा ग्रॅम, म्हणजे नव्वद कॅलरी. उरलेल्या सव्वीस ग्रॅममध्ये साखर, दुधातली साखर आणि प्रथिनं. त्यांच्या दर ग्रॅमला चार, म्हणजे एकशे चार. बेरीज एकशे चौऱ्याण्णव. आता लो फॅट घ्या: घन पदार्थ तीस, फॅट अडीच. साडेबावीस अधिक एकशे दहा, म्हणजे साधारण एकशे बत्तीस. साठ कॅलरी वाचल्या, हे खरंच. पण त्या सगळ्या फॅटमधल्या आहेत. साखर होती तिथेच आहे, उलट फॅट काढल्यावर चव फिकी पडते म्हणून कधीकधी ती वाढवलेलीही असते. वजन कमी करणाऱ्याला लो फॅटचा उपयोग होतो. ह्यांच्यासारख्या साखरेच्या माणसाला लो फॅट हा शब्द बघून सुटका होत नाही, त्याने साखरेचा रकाना स्वतंत्र वाचायलाच हवा.

तो रकानाही दोन ओळींचा असतो. एक एकूण साखर, एक वरून घातलेली साखर. दुधातली लॅक्टोज आणि फळातली साखर पहिल्या ओळीत येते, दुसऱ्या ओळीत येत नाही. शेजारी टक्के असतात, ते दिवसाला 2000 कॅलरी आणि वरून घातलेली साखर 50 ग्रॅम धरून काढलेले. जागतिक आरोग्य संघटना याहून पुढे जाऊन निम्म्यावर, म्हणजे साधारण 25 ग्रॅमवर आलात तर आणखी चांगलं, असं सांगते. तेव्हा पॅकवर 30 टक्के दिसलं तर माझ्या मनात ते साठ टक्के असतं. सकाळच्या चहाची साखरही त्याच खात्यात जाते.

शुगर फ्री, आणि एक पोटदुखीची आठवण

दुकानात शेवटची सात-आठ वर्षं शुगर फ्रीची मागणी वाढली. आम्ही ते बाहेरून आणून ठेवायचो. लग्नाच्या एका ऑर्डरीत शुगर फ्रीचे कप उरले आणि घरातल्या मुलांनी दुपारभर तेच खाल्ले. संध्याकाळी तिघांचीही पोटं बिघडली. मी पॅक उलटा करून पाहिला. त्यात गोडीसाठी मॅल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल होते. ही मंडळी पॉलिओल म्हणून ओळखली जातात. त्यांच्यात साखरेच्या साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त कॅलरी असतात, ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, आणि जास्त पोटात गेली तर जुलाब होतात. पॅकवर ती सूचना इंग्रजीत बारीक अक्षरात होतीच. आम्ही वाचली नव्हती. तेव्हापासून मुलांसाठी मी शुगर फ्री घेत नाही, आणि मोठ्यांनाही एका वेळी एकच कप.

शुगर फ्री लिहायला शंभर ग्रॅममध्ये साखर अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नो ॲडेड शुगर हा दावा वेगळा. त्यात वरून साखर घातलेली नसते, पण दुधाची आणि फळाची असतेच. दोन्हींतलं फॅट मात्र नेहमीच्या आइस्क्रीमइतकंच असू शकतं. मी पाहिलेल्या एका शुगर फ्री कपावर शंभर ग्रॅमला एकशे सत्तर कॅलरी होत्या. साधं लो फॅट त्याहून हलकं होतं.

वजन उतरवण्यासाठी गोडव्याच्या गोळ्या आणि पावडरींवर भिस्त ठेवू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू केलेली नाही, आणि पॉलिओलही तिच्या कक्षेबाहेर आहेत. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ घेतला तो असा: ह्यांच्यासाठी क्वचित शुगर फ्री चालेल, पण माझ्या सुनेला चार किलो कमी करायचेत तिने साखर घातलेलं खरं आइस्क्रीम घ्यावं, लहान कपात.

नेमकं काय खावंसं वाटतंय?

हा प्रश्न मी ह्यांना विचारायला लागले आणि सगळं सोपं झालं. आइस्क्रीम हवं म्हणणाऱ्या माणसाला दर वेळी तीच गोष्ट हवी नसते. कधी घशाला गार हवं असतं. कधी जिभेवर मलई हवी असते. कधी आंब्याची, स्ट्रॉबेरीची, सीताफळाची चव आठवलेली असते. तिन्हींची हलकी उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं दिलं की मन भरत नाही, मग तासाभराने फ्रीज पुन्हा उघडला जातो.

गार हवं असेल तर दुधाकडे जाऊच नका. बर्फाची कँडी घ्या. पाणी, फळांचा रस आणि साखर. साखर साधारण पंधरा ते वीस टक्के. साठ ग्रॅमच्या कँडीत चाळीस-पन्नास कॅलरी येतात आणि फॅट शून्य. लहानपणीचा पिशवीतला पेप्सीकोला याच जातीचा, फक्त तो कुठल्या पाण्याचा आणि कुठल्या रंगाचा हे पाहावं लागतं. गोळा हलका असतो तो बर्फामुळे. सरबताच्या बाटलीवर सगळं अवलंबून. गोळेवाला दोनतीनदा सरबत ओततो, वर कप हातात देऊन आणखी. आम्ही एकदाच ओता म्हणतो, आणि लिंबू, मीठ, मसाला जास्त मागतो. बर्फ खाण्याच्या पाण्याचा आहे की नाही, हे विचारायला लाजू नका.

कँडी घेताना काठीवरचं दुसरं काही उचलू नका. चॉकलेटचं आवरण असलेला बार दिसायला कँडीएवढाच असतो. पण ते कडक आवरण म्हणजे बहुतांशी फॅट आणि साखर, शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी. बारवर पंधरा ग्रॅम आवरण असेल तर ऐंशीच्या वर कॅलरी नुसत्या सालीच्या. कोनच्या आत चॉकलेट लावलेलं असतं आणि तळाशी त्याची गोळी जमलेली असते, तिथेही हेच.

मलई हवी असेल तर माझं मत ठाम आहे: लो फॅटचा मोठा पॅक आणू नका, चांगल्या दुधाच्या आइस्क्रीमचा सर्वांत लहान कप आणा. पन्नास मिलीचे कप मिळतात. तीस-पस्तीस ग्रॅम भरतात, साठ-सत्तर कॅलरी. मलईची तहान चार-पाच चमच्यांत भागते, पुढचे चमचे सवयीचे असतात. मी हे ह्यांच्यावर पाहिलं आहे. लो फॅटच्या दोन वाट्या खाऊनही ते काहीतरी राहिलं म्हणायचे, आणि राजभोगचा लहान कप संपवून शांतपणे पेपर वाचायला बसायचे.

फळाची चव हवी असेल तर आइस्क्रीममध्ये फळ शोधण्यापेक्षा फळच गोठवा. आम्ही सातारकर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आमच्या हाताशी. डिसेंबर ते मार्च भरपूर येते, शेवटी शेवटी स्वस्त होते. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत फक्त बत्तीस-तेहतीस कॅलरी. देठ काढून, धुऊन, कोरडी करून ताटात सुटी सुटी गोठवायची आणि मग डब्यात भरायची. ओली भरलीत तर एकच ढेप होईल. पिकलं केळं, आंब्याच्या फोडी, सीताफळाचा गर, सगळं असं ठेवता येतं. सीताफळ आणि केळं हलकी फळं नाहीत, शंभर ग्रॅमला नव्वद-शंभर कॅलरी, पण त्यांना वरून साखर लागत नाही आणि ती मलईची हौसही थोडी भागवतात.

बाहेर गेल्यावर

पार्लरमध्ये कप मागा. आमच्या दुकानातला एक स्कूप पासष्ट ग्रॅमचा होता. डबल स्कूप म्हणजे दोनशे साठच्या आसपास कॅलरी, वर सॉस, वर काजूचा चुरा. वेगवेगळ्या दोन चवी हव्या असतील तर निम्मा-निम्मा स्कूप मागा. आम्ही देत होतो आणि मागणाऱ्याचा आम्हाला कधी राग आला नाही. चव घ्यायला लहान चमच्याने दिलं जातं, तेही घ्या. आवडेल याची खात्री झालेली एकच चव घेतलेली बरी.

पुण्याला गेलं की मस्तानी. ती दाट मिल्कशेकच्या ग्लासात वर आइस्क्रीमचा गोळा सोडून देतात, म्हणजे आइस्क्रीम दोनदा. मोठ्या ग्लासाचा माझा अंदाज पाचशे कॅलरींच्या पुढचा आहे, एका जेवणाएवढा. आम्ही एक ग्लास आणि दोन चमचे मागतो, आणि त्या रात्री दोघंही नुसतं ताक घेतो. मस्तानीचं हलकं रूप करायच्या भानगडीत मी पडत नाही. ती वर्षातून दोनदा, आहे तशी प्यावी.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी विथ क्रीममध्ये दोष स्ट्रॉबेरीचा नाही. वरचं पांढरं क्रीम फेसाळ दिसतं म्हणून हलकं वाटतं. बऱ्याच ठिकाणी ते साखर आणि वनस्पती फॅटचं असतं. क्रीम निम्मं आणि स्ट्रॉबेरी जास्त द्या म्हटलं की देतात. फालुद्याबद्दल फार सांगत नाही. शेवया, सरबत, रबडी आणि वर आइस्क्रीम, त्यातून काय काढायचं? सब्जा तेवढा राहील.

घरी करायचं तर

हा भाग माझ्या सर्वांत आवडीचा. बाजारचं कितीही वाचलं तरी साखर दुसऱ्याने घातलेली असते.

दुकानातली आमची मलई कुल्फी अशी: एक लिटर फुल क्रीम दूध, शंभर ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम खवा. दुधाच्या नऊशे, साखरेच्या चारशे, खव्याच्या चारशे. साठ मिलीचे दहा साचे. एका कुल्फीला एकशे सत्तर कॅलरी. आता घरची: एक लिटर टोन्ड दूध, ज्यात फॅट 3 टक्के असतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, कडेची साय खरवडत आत ढकलत, साडेपाचशे मिलीपर्यंत आटवा. चाळीस मिनिटं तरी लागतात, घाई करू नका, बुडाला लागलं तर जळकट वास पुढे वेलदोड्यानेही जात नाही. दोन मोठे चमचे स्किम्ड मिल्क पावडर आणि एक चमचा कॉर्नफ्लॉर थोड्या गार दुधात कालवून घाला, पाच मिनिटं उकळा. पन्नास ग्रॅम साखर, वेलदोडा, केशर. हिशोब: सहाशे, सत्तर, तीस, दोनशे. नऊशे कॅलरींत दहा कुल्फ्या, एक नव्वदची. ह्यांच्या शंभरात बसते.

साखर निम्मी केली की दोन अडचणी येतात. पहिली चवीची. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून वितळलेलं आइस्क्रीम आपल्याला फार गोड वाटतं. मिश्रण कोमट असताना चाखून बरोबर वाटलं तर गोठल्यावर ते फिकं लागणार. यावर साखर वाढवण्याऐवजी वेलदोडा, जायफळ, केशर थोडं सढळ हाताने घाला आणि मिठाची एक कणी टाका. दूध आटवलं की त्याची स्वतःची गोडीही पुढे येते. दुसरी अडचण दगडाची. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, ती कमी केली की बर्फ जास्त आणि कडक होतो. मिल्क पावडर आणि कॉर्नफ्लॉर त्यासाठीच आहेत, ते पाणी धरून ठेवतात. शिवाय साचा फ्रीझरमधून काढून सात-आठ मिनिटं ओट्यावर ठेवायचा आणि मगच खायचा. पूर्वी लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालून पॉटचं हँडल फिरवायचे, तेव्हा मिश्रण सतत ढवळलं जायचं आणि त्यातले बर्फाचे कण लहान राहायचे. घरी पॉट नसेल तर अर्धवट गोठलेलं मिश्रण एकदा मिक्सरमधून फिरवून पुन्हा लावा. कुल्फीला याची गरज नाही, डब्यात लावलेल्या आइस्क्रीमला आहे.

स्ट्रॉबेरीचं मी असं करते. टोन्ड दुधाचं अर्धा लिटर दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का. त्यात गोठवलेली तीनशे ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि चाळीस ग्रॅम साखर. मिक्सर थांबत थांबत चालवा, नाहीतर तो तापतो आणि सगळं पातळ होतं. लगेच चार वाट्यांत वाढा. एका वाटीला सव्वाशे कॅलरींच्या आत येतं. ह्यांना पाऊण वाटी. हे ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी कडक होतं. साखर अजिबात नको असेल तर स्ट्रॉबेरीऐवजी गोठवलेल्या केळ्याच्या चकत्या नुसत्या फिरवा. आधी भुगा होतो, धीर धरा, मिनिटभरात एकदम मऊ लोण्यासारखं होऊन येतं. त्यात चमचाभर कोको घातला तर नातीला ते चॉकलेट आइस्क्रीमच वाटतं.

आणि कोकमाची कँडी. बारा-पंधरा आमसुलं दोन वाट्या गरम पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, गाळा, उकळून गार केलेलं पाणी घालून एक लिटर करा. एकशेवीस ग्रॅम साखर, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आमसुलात मीठ असतंच, चव घेऊन मग सैंधव. साच्यात भिजवलेला सब्जा टाकला तर काठीभोवती छान दिसतो. सोळा कँड्या होतात आणि एकीला फक्त तीस कॅलरी. मे महिन्यात दुपारी चार वाजता आमच्या घरात यापेक्षा जास्त मागणी दुसऱ्या कशालाच नसते.

फ्रीझरबद्दल थोडं

फॅमिली पॅक घरी ठेवू नका. पाहुणे येणार असतील त्या दिवशी आणा, त्याच दिवशी संपवा, उरलं तर पाहुण्यांबरोबर द्या. आमच्या फ्रीझरमध्ये आता लहान कप, कुल्फीचे साचे आणि कँड्या एवढंच असतं. मोजायची गरज पडत नाही, एक म्हणजे एक.

पॅक घेताना झाकणाच्या आत बर्फाचे खडे आहेत का, बाजू चेपून वर फुगवटा आलाय का हे बघा. तसं असेल तर ते एकदा वितळून परत गोठलेलं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही हे फार सोसलं. सात-आठ तास वीज नसायची आणि डीप फ्रीझरवर गोधड्या टाकूनही वरच्या थरातले कप बसायचे. ते आम्ही फेकून देत होतो, कारण वितळलेल्या दुधात जंतू वाढतात आणि पुन्हा गोठवल्याने ते मरत नाहीत. चवीलाही रवाळ लागतं, हवा निघून गेलेली असते, आणि मग तीच वाटी जास्त वजनाची होते. घरीही हाच नियम. पाघळलेलं परत फ्रीझरमध्ये सरकवू नका.

कुल्फीचा साचा सुटत नसेल तर नळाखाली धरू नका, बाहेरचा थर वाहून जातो. दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलकेच फिरवा, जशी रवी फिरवतो तशी. पंधरा-वीस फेऱ्यांत सुटते. आमच्याकडे हे काम ह्यांचं आहे, दर बुधवारी आणि रविवारी.